दोन अर्ज, एक बाई

आजही आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते, अशी एक घटना. एका निर्दोष बाईला मी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं, आणि वर स्वतःला हुशार समजत होते. तेव्हा मी सुरतेत फौजदार होते. कमरेचा पट्टा घट्ट, डोकं त्याहून घट्ट. आता नातवंडं हसतात. हसू देत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पर्वत पाटियाजवळच्या एका कॉम्प्युटर सेंटरवर तासाच्या भाड्यानं इंटरनेट मिळे. तिथल्या मालकाचा सकाळी फोन आला, "बेन, बाई एक ज छे ने नाम बे छे." बाई एकच, नावं दोन. बनावट नावांनी बायकांना परदेशी पाठवणाऱ्या दलालांच्या तक्रारी तेव्हा येत होत्या. स्टेशन डायरीत नोंद केली आणि जीप काढली.

बाई पांडेसऱ्यातली, खानदेशी, नर्स. नवरा डाइंग मिलमधून छातीचं दुखणं घेऊन घरी बसलेला. आखातातल्या एका रुग्णालयाच्या नोकरीचा इंग्रजी अर्ज ती कॉम्प्युटरवर भरत होती. मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत.

"दोन अर्ज कशाला?" तिला ठाण्यात आणून मी दरडावलं.

"पहिला परत आला, मॅडम. कागदावरचंच नाव लिहा म्हणे. कुठल्या कागदावरचं, ते सांगेना. मग दुसरं लिहून पाहिलं."

"आणि 'आणखी नावं असल्यास' हा रकाना कोरा का?"

"तशी नावं चोरांना असतात ना?"

आमच्या रजिस्टरात 'उर्फ' गुन्हेगारांनाच लागे, म्हणजे तिची भीती रास्त होती. मला मात्र ती बनवाबनवी वाटली. तोच प्रश्न पाच वेळा विचारला. पाचही वेळा ती म्हणाली, "लग्नात नाव बदललं." मी पुरावा मागत राहिले, पण तिच्या घरी माणूस पाठवायचं काही सुचलं नाही.

चार वाजून गेल्यावर शोधत शोधत सासूच आली. पिशवीत माहेरच्या नावाचं नर्सिंगचं सर्टिफिकेट, सासरच्या नावाचं रेशन कार्ड. "नाव तं आम्हीच बदलं, बाई. लगनमा, तांदूळना ताटमा लिखं."

नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव. माझंही तसंच लिहिलं होतं. नोकरीत मी माहेरच्या नावाची, घरी सासरच्या. हे मला दिवसभरात एकदाही आठवलं नव्हतं.

जीपनं मी दोघींना सेंटरवर नेलं. मॉडेम कुरकुरत बसला. पान उघडलं तेव्हा सव्वापाच झाले होते. अर्ज बंद.

या प्रकरणात मी शिकले ते एवढंच, की सूचना लिहिणाऱ्याला कोणी पकडून आणत नाही, जिला ती कळली नाही तिलाच बाकावर बसवतात. पुढे कागदाआधी माणसाचं ऐकायचं ठरवलं. दर वेळी जमलं असं नाही.

मी माफी मागितली. तिनं कागद पिशवीत घातले, सासूचा हात धरला आणि शांतपणे म्हणाली,

"त्या फॉर्मचं इंग्रजी मला कळलं नाही, मॅडम, ते एक वेळ ठीक. मी तर तुम्हाला मराठीत सांगत होते."