जीपवालीने भावाला स्ट्रेचरवर झोपवलं

आमच्या फिरत्या दवाखान्याची जीप चालवणाऱ्या बाईला सगळे जीपवालीच म्हणायचे. मी त्याच दवाखान्यातली नर्स. डोंगरावरच्या वस्त्या, दगडाच्या खाणी, नदीच्या पात्रातून जाणारी वाट, हा आमचा नेहमीचा रस्ता. जीप तिच्या मालकीची; दवाखान्याने ती तिच्यासकट भाड्याने घेतली होती. त्याआधी ती शाळेची बस चालवायची.

ती तापट नव्हती, हे आधीच सांगते. पुढचं ऐकून लोकांना वाटतं, बाई पहिल्यापासूनच भांडकुदळ असणार. उलट ती फार सोसायची. गाडीत कुणी उलटी केली तरी कपाळाला आठी न घालता स्वतःच बादली आणायची. तिला राग आला तो सख्ख्या धाकट्या भावाचा, आणि आला तो गेलाच नाही.

भावाचं गॅरेज होतं. खडकाळ वाटांवरच्या गाड्या तयार करण्यात त्याचं मोठं नाव. हौसेने चिखल तुडवायला जाणारी मंडळी लांबून त्याच्याकडे यायची. बहिणीची जीपही त्यानेच उंच केली, तिला मोठे टायर घातले. मग डिफरन्शिअल लॉकचा विषय निघाला. साध्या गाडीचं एक चाक चिखलात घसरलं की सगळा जोर त्याच चाकाकडे जातो. ते गरगर फिरत बसतं आणि कोरड्या दगडावरचं दुसरं ढिम्म हलत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं बरोबरीने फिरतात. तिला मागच्या चाकांना बटणावरचा लॉक हवा होता. लागेल तेव्हा लावायचा, वळणावर सोडायचा. त्याने पुढच्या चाकांना आपोआप लागणारा बसवून दिला.

“बटण कशाला, ताई? ऐन वेळी गांगरशील, दाबायचं विसरशील. हा आपला आपण लागतो. तू फक्त स्टिअरिंग धर.”

तिने ऐकून घेतलं. पण चढावर चारही चाकं जोडली की स्टिअरिंग असं जड व्हायचं, की वळणावर गाडीचं नाक सरळ दरीकडेच. दात-ओठ खाऊन, खांद्याचा जोर लावून ती ते ओढायची. भावाला सांगितलं तर म्हणाला, “होईल सवय.”

त्यात दुसरं दुखणं सुरू झालं. जरा वेगात असताना खड्डा लागला की पुढची चाकं थडथडायला लागायची. स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे इतकं झटके द्यायचं की हातात ठरायचं नाही, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते चालू राहायचं. भावाने टायर बॅलन्स केले. मग स्टिअरिंगचे झटके गिळणारा डॅम्पर बदलला. काही दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. त्याने आणखी जाड डॅम्पर घातला. मला ते बघून वाटायचं, हा तापाची गोळी देतोय, आतला पू कोण काढणार? पण मी बोलले नाही. भावा-बहिणीच्या मधे कोण पडेल!

“तू फार घट्ट धरतेस,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. आईसुद्धा त्याचीच री ओढायची. “तो एवढा जाणता. तुझंच काहीतरी चुकत असेल.”

एके दिवशी खाणीत एका कामगाराच्या पायावर दगड पडला. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय फळीला बांधून आम्ही त्याला जीपमधल्या स्ट्रेचरवर घेतलं. त्याची बायको माझ्याशेजारी बसली. उतारावर एक खड्डा चुकवता चुकवता दुसऱ्यात चाक गेलं आणि थडथड सुरू झाली. स्ट्रेचर खडखडायला लागलं. प्रत्येक झटक्याला तो माणूस ओरडायचा; मी त्याच्या पायाची फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. जीपवालीने ब्रेक न कचकावता हळूहळू वेग कमी केला, गाडी कडेला घेतली. तिचा अंगठा स्टिअरिंगच्या आऱ्यात अडकून पिरगळला होता.

त्या माणसाची बायको कडाडली, “बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं! मारणार होतीस का त्याला?”

उरलेला रस्ता जीपवालीने पायी चालल्यासारखी गाडी नेली. मोठ्या दवाखान्यात माणूस पोचला, पाय वाचला. पण तिचा चेहरा मी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन थेट गॅरेजवर गेली. भाऊ दोन-तीन गिऱ्हाइकांपुढे लॉकचं कौतुक करत उभा होता. तिने सुजून निळा पडलेला अंगठा त्याच्या नाकासमोर धरला.

“अगं, तरी सांगत होतो, इतकं घट्ट...”

“गाडीत चल.”

“आत्ता? माणसं उभी आहेत.”

“उभी राहू देत. चल.”

तो पुढे बसायला गेला. तिने मागचं दार उघडलं. “इथे नाही. तिथे झोप.”

गिऱ्हाइकं हसायला लागली. त्यालाही वाटलं, थट्टाच आहे. हसत हसत तो स्ट्रेचरवर आडवा झाला. ती मला म्हणाली, “पट्टे आवळ.” मी आवळले. खोटं कशाला सांगू, चांगले आवळले.

गावाबाहेरच्या मोकळ्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर तिने जीप घातली आणि वेग धरला. पहिल्या खड्ड्याला काही झालं नाही. दुसऱ्याला थडथड सुरू झाली. त्याचं डोकं लोखंडी दांड्यावर आपटलं, दातावर दात वाजले.

“थांबव! ताई, थांबव! अगं, मरेन मी!”

“घट्ट धरू की सैल सोडू?” ती ओरडली. “सांग! तूच सांग! गांगरलास का?”

गाडी थांबल्यावर मी पट्टे सोडले. तो खाली उतरला, पांढराफटक. वाटलं, आता जुंपणार. पण तो सरळ जीपखाली सरपटत गेला. “इंजिन चालू ठेव. स्टिअरिंग हलव. डावीकडे. आता उजवीकडे. पुन्हा.”

मग खालूनच म्हणाला, “ये, बघ.”

आम्ही दोघी वाकलो. पुढची चाकं जोडणारा अ‍ॅक्सल इकडेतिकडे सरकू नये म्हणून एक आडवा रॉड असतो. त्याच्या एका टोकाचा बोल्ट ढिला होता आणि बोल्टाचं भोक झिजून लांबट झालं होतं. स्टिअरिंग हलवलं की बोल्ट आधी त्या भोकात सरकायचा, मग चाकं हलायची. नुसता बोल्ट आवळून ते बरं होणार नव्हतं.

“हा बोल्ट बारीक आहे,” ती म्हणाली. “कुणी घातला?”

“मीच. गाडी उंच केली तेव्हा. मापाचा नव्हता हाताशी.”

मला वाटलं, आता ती त्याच्या कानाखाली काढणार. ती उलट शांत झाली, आणि ते जास्त भयंकर होतं.

“इतके महिने माझे हात वाईट होते,” ती म्हणाली. “आईलाही तू तेच सांगितलंस. एकदा, फक्त एकदा तू खाली वाकून बघितलं असतंस.”

“चुकलं, ताई.”

“चुकलं नाही. तू ऐकलंच नाहीस. त्या हौशी पोरांची बडबड तासन्‌तास ऐकतोस, त्यांचे फोटो भिंतीवर लावतोस. मी माणसं घेऊन जाते, रे! मोडलेली माणसं!”

त्या दिवशी त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. झिजलेल्या भोकावर मापाच्या भोकाची जाड पट्टी वेल्ड केली, रॉडचे रबरी बुश बदलले, मापाचा बोल्ट घातला. मग पुढचा लॉक उतरवून मागे बटणावरचा बसवला. बटण कुठे हवं, हेही तिनेच ठरवलं: गिअरच्या दांड्याशेजारी, नजर न हलवता हात जाईल असं. तो काही सुचवायला गेला की ती म्हणायची, “मी विचारलंय का?” आणि तो पुन्हा पान्याकडे वळायचा.

नंतर खाणीच्या चिखलाच्या चढावर मी ते बटण चालताना पाहिलं. एक चाक गरगरायला लागलं, तिने बटण दाबलं, जीप शहाण्यासारखी वर चढली. वळणाआधी तिने लॉक सोडला आणि स्टिअरिंग एका हाताने फिरलं. थडथड पुन्हा कधी झाली नाही.

आई म्हणाली, “आता सोड गं, भाऊ आहे तुझा.” ती म्हणाली, “परका असता तर पहिल्याच दिवशी गाडी उचलून दुसरीकडे नेली असती. भाऊ म्हणून तर सोसलं.” जीप अजून त्याच्याकडेच जाते. तेल बदलून होईपर्यंत ती बाहेर उभी राहते. त्याने पुढे केलेला चहा घेत नाही.

परवा आम्ही गेलो, तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, “गाडी तुम्ही चालवत नाही ना? मग जो चालवतो त्याला घेऊन या. लॉक कुठला, ते त्याच्याशी बोलून ठरवू.” बोलताना त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं.

तिने ऐकलं, चावी घेतली आणि मला म्हणाली, “बस लवकर. वर लोक ताटकळलेत.”