स्ट्रेचर नक्की कुणाचं?

“कपडा लिखो या लोहा लिखो मॅडम, पण टेंडर भरता आलं पाहिजे,” ठाकुरदास म्हणाले आणि घडीचं स्ट्रेचर त्यांनी माझ्या ऑफिसच्या फरशीवर उलगडलं.

त्यांचा उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये ताडपत्र्या आणि तंबू शिवायचा कारखाना होता. मी तेव्हा अंबरनाथला बसून छोट्या कारखान्यांची सरकारी रजिस्ट्रेशनं करून द्यायचे. सरकारी दवाखान्यांना स्ट्रेचरं हवी होती, पण टेंडर फक्त ती बनवणाऱ्यांनाच भरता येत होतं. बनवणारा कोण, हे रजिस्ट्रेशनमधल्या कोडवरून ठरायचं. कोड म्हणजे सरकारनं प्रत्येक धंद्याला दिलेला एक आकडा. ठाकुरदासांचा कोड कॅनव्हासच्या मालाचा, म्हणून त्यांना नकार आला होता.

मी वर्गीकरणाचं जाड पुस्तक काढलं. तंबू एकीकडे, लोखंडी फर्निचर दुसरीकडे, दवाखान्याची साधनं तिसरीकडे. मग हे कुठं बसवायचं? मला चैन पडेना. नियम असा, की मालाच्या नावावर जायचं नाही. कारखान्यात मुख्य काम काय चालतं ते बघायचं. म्हणून मी कॅम्प पाच गाठलं.

तिथं शिलाई मशिनं जोरात चालू होती. पाइप वाकवायचं किंवा वेल्डिंगचं काहीच दिसेना. कोपऱ्यात मात्र तयार फ्रेम रचलेल्या. कोण बनवतं, असं विचारल्यावर ठाकुरदास “अंबरनाथ से आता है” एवढंच बोलून बाहेर गेले. त्यांच्या बायकोनं हळूच सांगितलं, की फ्रेम सख्ख्या दिराकडून येतात. वाटण्या झाल्यापासून दोघं भाऊ बोलत नाहीत, निरोपानिरोपी टेम्पोवाल्यामार्फत.

दुसऱ्या दिवशी मी त्या दिराच्या, म्हणजे अर्जनदासांच्या, अंबरनाथच्या शेडवर गेले. त्यांचा कोड लोखंडी फर्निचरचा. गंमत म्हणजे त्याच टेंडरला त्यांनीही अर्ज केला होता आणि त्यांनाही नकार आला होता. नुसत्या सांगाड्याला स्ट्रेचर कोण म्हणणार?

मी त्यांना समजावलं, की इन्स्पेक्शनला येणारा ऑफिसर पाइप कापण्यापासून कापड ताणण्यापर्यंत सगळं एकाच फर्ममध्ये बघणार. वेगवेगळे राहिलात तर दवाखान्याच्या साधनांचा कोड दोघांनाही मिळणार नाही.

अर्जनदासांनी वेल्डिंगचा चष्मा काढला. “ये दादाने बोला, या आप बोल रहे हो?”

“नियम बोलतोय.”

त्यांनी चष्मा बाजूला ठेवला. मग म्हणाले, “नियम है तो ठीक है.”

ठाकुरदासांनीही अगदी तेच उत्तर दिलं. मला वाटतं, दोघांनाही असंच कुणीतरी तिऱ्हाईत हवं होतं.

पार्टनरशिप झाली. शिलाई मशिनं अंबरनाथच्या शेडमध्ये आली. इन्स्पेक्शनला आलेले ऑफिसर चांगले जाडजूड होते. सगळं काम बघून झाल्यावर ते स्वतःच स्ट्रेचरवर आडवे झाले आणि म्हणाले, “उचला.” एका टोकाला ठाकुरदास, दुसऱ्या टोकाला अर्जनदास. “संभाल के, दादा,” अर्जनदास म्हणाले. शेडमधले कारागीर हातातलं काम थांबवून बघत राहिले.

दवाखान्याच्या साधनांचा कोड मिळाला. तोवर ते टेंडर हातचं गेलं होतं; पुढचं मात्र त्यांना मिळालं.

तेव्हापासून कुणी कोड विचारायला आलं, की मी पुस्तक नंतर उघडते. माल कुठून कुठून फिरून येतो, ते आधी विचारते.