निळा दोरा

नलू गेल्याचं सांगायला तिचा भाऊ दुकानात आला, तेव्हा मी तिच्याच अ‍ॅप्रनला सुताच्या घुंड्या लावत होतो. "राहू दे आता, सलीमभाई," एवढंच तो म्हणाला. मी मात्र हातातली घुंडी लावून टाकली.

नलू अमरावतीच्या माळ्याची पोर, शाळेतली माझी सोबतीण. भाजीच्या पाटीमागं बसून शिकली आणि थेट समुद्रावर गेली. किनारा दिसत नाही इतक्या लांबचं पाणी गाळायचं आणि त्यातले प्लास्टिकचे बारीक कण, तंतू सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे, हे तिचं काम. मी चिडवायचो, "इथं प्यायाले पानी नाही, अन् तू खारं पानी गाळून राहिली!" पहिल्या मोठ्या मोहिमेआधी तिनं माझ्याकडून अ‍ॅप्रन शिवून घेतला. अट एकच, अस्सल सुती. टेरिकॉटमधले प्लास्टिकचे तंतू झडून नमुन्यात पडतात म्हणे. त्या वर्षांत आमच्याकडं कापूस मातीमोल झालेला आणि गिऱ्हाईक टेरिकॉटच मागायचं. तरी मी अकोल्याहून पांढरंशुभ्र सुती कापड आणलं. खिशांवर शोभेसाठी निळी शिवण घातली, लय मन लावून.

परतली ती थेट दुकानात, चेहरा उतरलेला.

"सलीम, कापड खरं होतं रे. दोरा कोन्ता लावला तू?"

"पॉलिस्टरचा. सुती दोरा मशीनवर तुटते. कावून?"

"बाटल्या-बाटल्यांत निळा तंतू निघून राहिला. समुद्राचा कोन्ता अन् तुह्या खिशाचा कोन्ता, सांगताच येत नाही."

सगळी मोहीम वाया. जन्मभर दोऱ्यावर जगणारा मी, आणि मला दोराच आठवला नाही! ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उलट म्हणाली, "दोऱ्याचं मी बी सांगितलं नाही ना." पुढच्या मोहिमेआधी सगळं उसवून सुती दोऱ्यानं हातानं शिवून दे, म्हणाली. मी हो म्हटलं आणि ईदची शिलाई आधी घेतली. मधेच तिला कावीळ झाली, तेव्हा कुठं मी अ‍ॅप्रन उसवून शिवायला घेतला... पंधरा दिवसांत खेळ आटोपला.

नलूच्या मायनं अ‍ॅप्रन मागून नेला आणि तिच्या अंगावर घातला. तिच्यासोबत त्याचीही राख झाली. या वेळी तो खरंच अस्सल सुती होता.

उसवलेला निळा दोरा मशीनच्या खणात, एका डबीत आहे. फेकू कुठं? नालीतून नाल्यात, नाल्यातून वर्धेत, वर्धेतून पुढं समुद्रात... हा रस्ता तिनंच मला सांगितलेला. बायकोला बजावून ठेवलंय, मी मेलो तरी ही डबी फेकायची नाही.