मनूच्या भाराचा गूळ

देवाविषयी लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या वैशाखात मी नरसिंहपुरास गेलो तो भक्तीने गेलो नाही, बायकोने हट्ट धरला म्हणून गेलो. वर्षभर मी घरातल्या देवांपुढे हात जोडले नव्हते. आंघोळ करून ओलेत्याने पूजा उरकायची, ताम्हन पालथे घालायचे आणि कचेरीला जायचे, असा माझा क्रम होता. त्यात मन नव्हते आणि राग काढायलाही अंगात त्राण उरले नव्हते. थकून गेलो होतो, एवढेच खरे.

मी तेव्हा कालव्याच्या खात्यात बारामतीला मोजणी कारकून होतो. कुणाच्या उसाला किती पाणी गेले, कुणाची पाळी केव्हा, हे घोडीवरून हिंडून पाहायचे आणि रात्र पडेल तिथे राहुटी ठोकायची. आमची एकुलती एक मुलगी, मनू, पाच वर्षांची होऊन वर्षापूर्वी वारली. तिला ताप आल्याचा निरोप मला काटेवाडीच्या शिवारात मिळाला होता. तेथून घर घोडीच्या पायाने तासा-दीड तासाचे. पण पाळी अर्ध्यावर होती. पोरांना ताप येतोच, दोन दिवसांनी फेरी संपली की जाऊ, असे मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा ओटीवर शेजारची माणसे बसली होती. मला पाहून ती उठून उभी राहिली, त्यावरून मी समजलो.

बायकोने मला त्याविषयी एका शब्दाने कधी विचारले नाही. तिने विचारले असते, चार लोकांत बोल लावला असता, तर बरे झाले असते असे मला पुष्कळदा वाटे. ती नुसती गप्प झाली. चुलीपाशी बसायची, मला वाढायची, स्वतः चतकोर भाकरी ताटात घेऊन तिचे तुकडे करीत राहायची. वर्षात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा तपासले. रोग काही दिसत नाही, पण या खाईनात तर पुढचा पावसाळा काही मी सांगत नाही, असे ते मला बाजूला घेऊन म्हणाले.

चैत्रात एक दिवस ती आपण होऊन बोलली. मनू जन्मली तेव्हा तिने कुलदैवताला नवस केला होता, की पोर पाच वर्षांची झाली की नरसिंहपुरास नेऊन गुळाने तिची तुला करीन. तो माझ्या कामापायी आज जाऊ उद्या जाऊ करीत राहून गेला. आता तिला तो फेडायचा होता. मी म्हणालो, "अगं, तुला करायची कुणाची?" ती म्हणाली, "गूळ तर तिच्या भाराचा नेता येईल. देवाचं आहे ते देवाला देऊन टाकू. मग मला काही नको." त्या शेवटच्या वाक्याची मला भीती वाटली. नवस फेडून झाला की तिचे इथले काम संपणार, असा तिच्या बोलण्यातला अर्थ मला लागला. पण नाही म्हणायला मला तोंड कुठे होते?

गूळ घ्यायला आम्ही सांगवीच्या एका गुऱ्हाळावर गेलो. हंगामाची शेवटची काहील उतरली होती. मालकाने तराजू मांडला. ती म्हणाली, "तराजू नको." मनूचे वजन कुणी कधी केलेच नव्हते. तिने एक ढेप उचलून डाव्या कडेवर घेतली, क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "कमी आहे." मालकाने कोयत्याने दुसऱ्या ढेपेचा तुकडा तोडून त्यावर ठेवला. ती चार पावले चालून आली. "अजून थोडा." असे तीनदा झाले. चौथ्या वेळी ती गूळ कडेवर घेऊन नुसती हलत उभी राहिली, पोराला निजवताना बायका हलतात तशी. गुऱ्हाळावरची माणसे हातातली कामे टाकून खाली पाहत होती. मालकाने गुळाला भाव लावला नाही आणि मीही विचारला नाही.

तो गूळ तिने मनूच्या जुन्या दुपट्यात बांधला आणि आम्ही निघालो. चंद्री ही माझी घोडी. वयाने झालेली, पण पायाची खात्रीची. तिच्या पाठीवर गोधडीची घडी टाकून बायकोला बसवले, पुढ्यात गुळाचे गाठोडे, आणि मी लगाम धरून पायी. आमच्याकडच्या बायका घोडीवर बसत नाहीत, त्यामुळे वाटेवरची माणसे थांबून पाहत. काटेवाडीच्या ओढ्यावर ओळखीचा एक बागाईतदार म्हणाला, "रावसाहेब, जेजुरी तिकडं मागं ऱ्हायली की. म्हाळसाईला घिऊन उलटं कुठं निघाला?" मी हसलो. एरवी बायकोही हसली असती. त्या ओढ्यापासून ते शेत दिसत होते, जिथे मला निरोप मिळाला होता. मी मान खाली घालून चालत राहिलो.

दोन मुक्काम झाले. दुसऱ्या मुक्कामाला, इंदापूरच्या अलीकडे, संध्याकाळी मागे पश्चिमेला आभाळ काळेभोर झाले आणि विजा चमकताना दिसल्या. आमच्या डोक्यावर थेंबही पडला नाही. लोणी भापकर, जेजुरीच्या अंगाला वळीव झोडपत असेल, असे मनाशी म्हणून मी चंद्रीला कडबा टाकला. याहून अधिक विचार करण्याइतके डोके चालत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नीरेच्या काठी पोचलो. नृसिंहजयंती दुसऱ्या दिवशी होती. काठावरच्या आमराईत गाड्या आणि माणसे यांची दाटी झालेली. बायको म्हणाली, "मला गर्दीत नको." नदीच्या पात्रात, एक गुडघाभर पाण्याची धार ओलांडली की पलीकडे वाळूचे मोठे बेट होते आणि त्यावर भोयांनी लावलेले कलिंगडांचे वेल. तिथे मी राहुटी ठोकायला घेतली. मळ्याचा मालक, सत्तरीचा एक भोई, वेलांतून उठून आला. सगळे त्याला आबा म्हणत. मुलगा आणि सून जत्रेत कलिंगडे विकायला गेली होती. नात ठकी, असेल पाच-सहा वर्षांची, त्याच्या धोतराला धरून उभी होती.

"हितं नगा उतरू, रावसाहेब," तो म्हणाला. "काल वर आभाळ लई भरलं व्हतं. आमीबी एवढा तोडा झाला का निघतोय."

मला तसा राग आला नाही, पण माझ्यातला कारकून जागा झाला. मी म्हणालो, "आबा, नदीला पाणी केव्हा सुटायचं ते आमच्या कागदावर आधी येतं. या आठवड्यात काही नाही."

"कागदावर आसंल," आबा म्हणाला, "पर कऱ्हा काय तुमचा कागद वाचती व्हय?"

मी ऐकून सोडून दिले. कऱ्हा ही जेजुरीकडून येणारी आमच्या बारामतीची नदी. रोज तिच्या कोरड्या पात्रातून जाणारा मी. ती पुढे नीरेला मिळते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तिच्यावर आमच्या खात्याच्या धरणाचे दरवाजे नाहीत म्हणून माझ्या लेखी ती नदीच नव्हती. खात्यात बारा वर्षे काढल्यावर माणूस असा होतो.

चंद्री मात्र तिथे ठरेना. कडब्याला तोंड लावीना, कान ताठ करून पश्चिमेकडे पाहत राहिली. दोनदा तिने खुंटी उपटली. दोन्ही वेळा मी तिला दटावले आणि खुंटी आणखी खोल ठोकली. बायको राहुटीच्या तोंडाशी गूळ मांडीशी घेऊन बसली होती आणि ठकी तिच्यासमोर उकिडवी बसून त्या गाठोड्याकडे पाहत होती. चारच्या सुमारास चंद्रीने तिसऱ्यांदा खुंटी उपटली आणि खुंटीसकट धारेकडे धावत सुटली. मी शिव्या घालीत मागे धावलो. लगाम हाती आला तेव्हा पायाखाली पाहिले. दुपारची नितळ धार तांबडी झाली होती. तिच्यावर फेस होता, बाभळीच्या काटक्या होत्या, आणि पाणी माझ्या डोळ्यांदेखत एक एक बोट वर चढत होते. वर आभाळ स्वच्छ होते.

घोडी घेऊन परत येईतो वाळूच्या सखल भागातून पाणी आत शिरले होते. बायको गाठोडे कडेवर घेऊन उभी होती. मी ओरडलो, "ते टाक. घोडीवर बस." ती म्हणाली, "मनूचा आहे." मी पुन्हा ओरडलो. ती जागची हलेना. पाणी तिच्या घोट्याला लागले. एवढ्यात ठकी रडू लागली आणि तिने बायकोचे लुगडे दोन्ही मुठींत धरले. आबा बेटाच्या दुसऱ्या टोकाला होता, तो हातवारे करीत येत होता, पण म्हाताऱ्याचे पाय वाळूत रुतत होते.

बायकोने ठकीकडे पाहिले. मग वाकून तिने ते गाठोडे खाली ठेवले, अगदी हळू, निजलेल्या पोराची झोप मोडू नये तसे. त्याच्यावरून एकदा हात फिरवला. आणि ठकीला उचलून डाव्या कडेवर घेतले.

मी दोघींना चंद्रीवर चढवले. धार आता छातीला लागत होती आणि ओढ जबरदस्त. मी पुढे होऊन लगाम आखूड धरला आणि समोरच्या काठाकडे सरळ ओढू लागलो. चंद्रीची मान वर ताणली गेली, पाय सुटले, ती कलंडू लागली. मी आणखी जोराने ओढले. मागून आबाचा आवाज आला. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाशी धरून तो पाण्यात उतरला होता.

"लगाम सोडा, रावसाहेब," तो म्हणाला. "तिला कळतंय. तुमी नगा वढू. शेपूट धरा आन् गप चला."

सोडणे मला जड गेले. पण हातात बळच उरले नव्हते, म्हणून सुटला म्हटले तरी चालेल. लगाम सुटताच चंद्रीने मान खाली घेतली, तोंड प्रवाहाच्या अंगाला वळवले आणि तिरकी पोहू लागली. मी शेपूट धरून मागे वाहत होतो. आयुष्यात प्रथमच मी काहीएक करीत नव्हतो. बऱ्याच खाली तिचे पाय जमिनीला लागले. आमच्या मागोमाग आबाही काठाला लागला. वळून पाहिले तेव्हा राहुटी, वेल, गाठोडे काहीच नव्हते, सगळे एकरंगी तांबडे पाणी होते.

ठकीची आई धावत आली आणि तिने पोरीला ओढून घेतले. बायकोचे हात तसेच थोडा वेळ वाकलेले राहिले. मी आबाला म्हणालो की तुमचा मळा गेला. तो म्हणाला, "जाऊ द्या. वेल पुन्ना लागत्यात." मग बायकोकडे पाहून म्हणाला, "आक्का, द्याचं व्हतं ते त्येनं हितंच घेतलं समजा. देवळात पोचायच्या आधीच."

दिवेलागणीला आम्ही ओल्या कपड्यांनी, रिकाम्या हातांनी देवळाच्या पायऱ्या चढलो. मूर्तीसमोर उभा राहिलो आणि वर्षभरात प्रथमच हात जोडले. मागायला काही सुचेना. तोंडातून निघाले ते एवढेच, "मी निरोप आला त्याच दिवशी यायला हवं होतं." ते मी देवाला म्हणालो की तिला, मला आजही ठाऊक नाही.

ती शेजारी उभी होती. म्हणाली, "हो. यायला हवं होतं." आणि पहिल्यानेच माझ्यासमोर रडली. मीही रडलो. लोक आमच्या बाजूने दर्शनाला पुढे जात राहिले.

बाहेर पायरीवर बसल्यावर ती आपल्या डाव्या हाताकडे पाहत होती. म्हणाली, "अहो, तेवढीच जड होती."

त्या घोडीने तिसऱ्यांदा खुंटी का उपटली, याचा वाद मी कुणाशी घालीत नाही. जनावराला पाण्याचा वास येतो म्हणतात, असेल तसे. मला एवढेच कळते की ज्याच्यावर माझा विश्वास उरला नव्हता त्याने माझ्या हातून लगाम काढून घेतला, तेव्हा आम्ही काठाला लागलो. त्यानंतरही मी पाळ्या वाटल्या, कागद भरले, थकलोही. पण घरून निरोप आला की कागद तिथेच मिटत असे. चंद्री म्हातारी होऊन आमच्याच दारात गेली.

त्या संध्याकाळी ठकीच्या आईने भाकरी आणि कांदा आणून दिला. बायकोने एक भाकरी संपवली, मग माझ्याकडे पाहून जराशी ओशाळली आणि म्हणाली, "अजून आहे का?"