दारामागची सॅक

आनंदवलीच्या उतारावर, नदीपासून हाकेच्या अंतरावर, कुसाबाई एका पत्र्याच्या खोलीत राहते. वय चौसष्ट. नवरा बहिरू होता तोवर दोघं झेंडू लावायची आणि पहाटे फुलबाजारात पाट्या नेऊन विकायची. तो गेला, मूलबाळ नव्हतं, वाफे दिराकडे राहिले. आता ती घरीच बसून एका दुकानदाराला हार ओवून देते.

२०१९च्या पुरात ती नेसत्या लुगड्यावर बाहेर पडली होती. जीव वाचला, पण रेशनकार्ड, पासबुक आणि बहिरूचा एकुलता एक फोटो गेला. चार महिने हेलपाटे घालून कागद परत मिळाले. फोटो कुठल्या कचेरीत मिळणार?

तेव्हापासून तिच्या दारामागे खिळ्याला एक सॅक असते. दर वर्षी मृगाच्या आधी ती सॅक चटईवर रिकामी करते आणि पुन्हा भरते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कागदांच्या झेरॉक्स, बीपीच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या, टॉर्च, जुना चष्मा, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, एक चादर, एक लुगडं. शिट्टीसुद्धा आहे. अडकून पडलं तर वाजवायची, असं समाजमंदिरातल्या शिबिरात वेदिका नावाच्या मुलीनं शिकवलं होतं. कुसाबाईनं घरी येऊन ती एकदा वाजवून पाहिली. शेजारून कोणी काय झालं म्हणून विचारलं नाही.

वेदिकानं सगळ्यांना एक कार्डही दिलं होतं. नाव, रक्तगट, औषधं, आणि खाली जवळच्या माणसाचा फोन नंबर. कुसाबाईनं चांदवडच्या भाच्याचा, ललितचा नंबर लिहिला. दर वर्षी सॅक भरताना ती त्याला फोन लावायची, नंबर चालू आहे ना बघायला. तो कांद्याच्या गडबडीत असायचा. तब्येत विचारायचा, चांदवडला या म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. यंदा लावला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं फोनमधली बाई सांगू लागली. कुसाबाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं, मराठीतलं, हिंदीतलं, इंग्रजीतलंही. मग कार्डावरच्या नंबरावर रेघ मारून कार्ड परत आत ठेवलं.

ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं. दुपारी भोंगा लावलेली गाडी, घरं सोडून पालिकेच्या शाळेत जा, असं सांगत फिरली. कोणी टीव्ही उचलत होतं, कोणी घरातल्या म्हातारीला. कुसाबाईनं गॅस बंद केला, सॅक पाठीवर घेतली, कुलूप लावलं आणि सगळ्यांच्या आधी शाळेत पोचली. नोंद करणाऱ्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण?"

"कोणी नाय. एकटी लिहा."

तासाभरात वर्ग भरला. शेजारच्या चटईवर भाग्यश्री नावाची तरुण बाई आली. कडेवर दोन वर्षांची लेक, अंगात ताप. नवरा कामाला गुजरातेत, आणि घाईत तिनं काहीच घेतलं नव्हतं. कुसाबाईनं न विचारता सॅक उघडली. पोरीवर चादर घातली, लुगड्याची पट्टी फाडून, ओली करून कपाळावर ठेवली, लाडू कुस्करून भरवला. डॉक्टर आले तेव्हा पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. पाय अवघडून गेला, तरी कुसाबाई हलली नाही.

भाग्यश्री सॅककडे बघत म्हणाली, "मावशी, हे सगळं तुम्ही एकट्यापुरतं भरलं होतं?"

"हां. एकटीला लयच होतं बघ."

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. येवल्याहून भाग्यश्रीचा भाऊ जीप घेऊन आला. तिनं चादर घडी करून परत दिली, लेकीला आजीला टाटा करायला लावलं. नंबर मागावा, असं कुसाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भाऊ घाई करत होता, आणि तीन दिवसांत कोणी जवळचं माणूस होतं का, असंही तिला वाटलं. तेवढ्यात जीप वळली.

दुपारपर्यंत वर्ग रिकामा झाला. ज्याला त्याला घरचा चिखल काढायची घाई होती. कुसाबाई चटईवर बसून राहिली. नोंदवाल्या बाई जवळ आल्या, पाणी ओसरलंय काकू, गाडीनं सोडू का म्हणाल्या.

"आजचा दिवस इथंच राह्यले तर चालंल का?"

बाई बरं म्हणाल्या. संध्याकाळी जेवायला तिघंच होती, पालिकेचे दोन कर्मचारी आणि कुसाबाई. एकानं तिला खिचडी वाढली, थोड्या वेळानं आणखी हवी का विचारलं. भूक नव्हती, तरी ती हो म्हणाली.

सकाळी ती चालतच घरी गेली. खोलीत घोट्यापर्यंत गाळ होता. तिनं पदर खोचला आणि पातेल्यानं गाळ उपसायला घेतला.