बघतो की

कोल्हापुरात ‘बघतो की’ म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायला वेळ लागतो. ‘रविवारी जेवायला येताय न्हवं?’ ‘बघतो की.’ म्हणजे येत नाही. तोंडावर नाही म्हणायला आम्ही घाबरतो अशातला भाग नाही. भांडायला उभे राहिलो तर गल्ली जागी करू. पण समोरच्याला दुखवायचं नसलं, किंवा डोकं भलतीकडेच असलं, की हे दोन शब्द आपोआप तोंडातून निघतात. मी ते जन्मभर वापरले. एकदा ते लिहिले गेले, आणि एका माणसाच्या हातावर बेतलं.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं चार माणसांचं ऑफिस आहे. आम्ही कारखान्यातल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहितो. हातकणंगल्याकडच्या एका शेडमध्ये पत्रा दाबायचा प्रेस होता, त्याचा प्रोग्रॅम आमचा. त्या प्रेसवर काम करणाऱ्या कारागिराला सगळी शेड चाचा म्हणायची. त्यांचे वाडवडील अडकित्ते घडवायचे, आणि चाचांची बोटंही तशीच, लोखंडाशी बोलणारी. प्रेसला दोन हातांसाठी दोन बटणं. दोन्ही दाबून धरली तरच वरचा ठोकळा खाली येणार. एक जरी सुटलं तर आहे तिथं थांबणार. म्हणजे ठोकळ्याखाली हात जायचा प्रश्नच नाही.

यंत्र बसवलं त्या दिवशी चाचांनी मला विचारलं, “पावणं, हात सुटला तर ह्ये थांबतंय न्हवं?”

“थांबतंय की. सगळं बघितलंय आम्ही.”

तरी त्यांनी बटण सोडून बघितलं. एकदा, दोनदा, सहा वेळा. पुढं महिनाभर ते रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी तसं करायचे. एकदा मी शेडमध्ये गेलो असताना त्यांना चिडवलं, “चाचा, आमच्यावर भरवसा हाय का न्हाय?” ते ओशाळून हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते बंद केलं. ही माझी पहिली चूक, आणि त्या वेळी ती मला विनोद वाटली.

आमचा सगळा कोड एका सर्व्हरवर असतो. कुणी काही बदललं की सोबत एक टीप लिहून तो बदल वर पाठवायचा. तिथं दारातच मी एक हुक बसवला होता. हुक म्हणजे छोटीशी स्क्रिप्ट. बदल आत घ्यायच्या आधी ती आपोआप चालते आणि नियमात बसत नसेल तर तो परत पाठवते. माझा नियम साधा होता. बदल सुरक्षेच्या फोल्डरमधला असेल, तर तो दुसऱ्या कुणीतरी वाचायचा आणि टिपेत त्याचं ‘बघितलं’ लिहायचं. तो शब्द नसेल तर प्रवेश नाही.

पण आमची माणसं बोलतात तसं लिहितात. ‘बगितलं’, ‘बघितल’, ‘बघीतलं’. हुक सगळ्यांना हाकलून द्यायचा. “सर, तुमचा हुक पुण्याचा हाय काय?” असं ओरडणं सुरू झालं. रोजच्या कटकटीला वैतागून मी एका दुपारी पाच मिनिटांत नियम सैल केला: शब्द ‘बघ’ किंवा ‘बग’नं सुरू झाला की पुरे. हुकमधला बदल मात्र कुणी बघायचा, असा नियम मी केलाच नव्हता. मी केलेलं कोण तपासणार? मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

‘बघतो’सुद्धा ‘बघ’नंच सुरू होतो.

काही दिवसांनी शेडमधून फोन आला. धक्क्यानं बटणाचा संपर्क क्षणभर तुटतो आणि प्रेस मध्येच अडतो. ऑफिसात माझ्यासमोर बसणारी सहकारी सहा वर्षं माझ्याबरोबर आहे, खोटं बोलता न येणारी बाई. तिनं उपाय केला: बटण पन्नास मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ सुटलं, तर ते सुटलं असं धरायचं नाही. पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ. उपाय बरोबर होता. लिहिताना मात्र एक शून्य जास्त पडलं. पाचशे. अर्धा सेकंद.

“सर, सुरक्षेतला बदल हाय. बघताय न्हवं?”

मी फोनवर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडत होतो. मान न वळवता म्हणालो, “बघतो की.”

तिनं टिपेत लिहिलं, ‘सर: बघतो.’ तिला वाटलं, एवढ्यानं भागत नसेल तर हुक अडवेल. मला वाटलं, मी बघितल्याशिवाय हुक सोडणारच नाही. हुकनं सोडलं.

त्या शनिवारी नवा प्रोग्रॅम प्रेसवर चढला. प्रेस अडायचा थांबला, शेड खूश झाली. पुढचे आठ दिवस काहीही घडलं नाही. मी दोनदा मिसळ खायला गेलो, गाडीचं सर्व्हिसिंग केलं. त्या आठ दिवसांतल्या कुठल्याही मिनिटाला मी तो बदल उघडून वाचू शकलो असतो.

नवव्या दिवशी पत्रा जरा सरकला. चाचांनी तो सरळ करायला उजवा हात बटणावरून काढला आणि आत घातला. ठोकळा थांबेल याची त्यांना खात्री होती. ती मीच दिली होती. दोन बोटं गेली.

फोन आल्यावर चाचांना नेलेल्या दवाखान्यात धावायच्या आधी मी सर्व्हरवरची नोंद उघडली, याची मला लाज वाटते. तिथं माझे शब्द होते. सहकारी मागं उभी राहून वाचत होती. “तुम्ही बघतो म्हणालासा, मी तेच लिहिलं,” एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. चूक आमची आहे हे मी त्याच दिवशी शेडच्या मालकाला सांगितलं, चाचांना दवाखान्यात सांगितलं. ते छताकडं बघत ऐकत राहिले.

हुक आता पूर्ण शब्द मागतो. त्याची ओळन् ओळ सहकारीनं मोठ्यानं वाचली, तेव्हाच तो चढला. प्रेसलाही आता वेगळी तार आहे. बटण सुटलं की प्रोग्रॅमला न विचारता वीज तोडते.

हे सांगायला दोन महिन्यांनी मी हातकणंगल्याला चाचांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं चहा दिला. चाचांनी कप डाव्या हातानं उचलला. उजवा मांडीवर, टॉवेलखाली होता. मी म्हणालो, “चाचा, एकदा शेडमध्ये या. पाहिजे तितक्या वेळा बटण सोडून बघा. मी दिवसभर शेजारी थांबतो.”

चाचा हसले, तेच ओशाळं हसू. मला दुखवायचं नव्हतं त्यांना.

“बघतो की, पावणं,” ते म्हणाले.