धरलेली जागा

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. शिरूरच्या स्टँडवर हा कायदा कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. शाळा सुटली की आम्ही दोघी मैत्रिणी वस्तीवर जाणारी गाडी पकडायला धावायचो. ती उंच, काटक. मी बुटकी आणि पळण्यात अगदीच कच्चं लिंबू. त्यामुळे रुमाल कायम तिचा आणि खिडकी कायम माझी. शाळेच्या सगळ्या वर्षांत मी कधी उभ्यानं घरी गेले नाही.

एकदा तिला बाईंनी वर्गात थांबवून घेतलं, म्हणून जागा मी धरली. पुण्याहून नवीन आलेल्या, झुळझुळीत रिबिनीवाल्या मुलीनं विचारलं, "बसू का?" आणि मी भाळून रुमाल उचलला. माझी मैत्रीण धापा टाकत वर चढली, आमच्याकडे बघितलं आणि दांड्याला धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिनंच माझी जागा धरली. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दहावीनंतर तिचं लग्न झालं, ती दौंडला गेली आणि माझी माफी तोंडातच राहिली.

आता मुलं पुण्यात आणि मी शिरूरच्या घरात एकटी. बोलायला कुणी नाही म्हणून टीव्हीतल्या बायकांनाच उलट उत्तरं देते. रिकाम्या घरात जुनं काही फार टोचतं. मागच्या महिन्यात तिचा नंबर मिळवला आणि दौंड गाठलं.

तिनं अगत्य केलं. ठेवणीतल्या कपबशा काढल्या, सुनेला पोहे टाकायला लावले. मी धीर करून माफी मागितली, तर ती हसायलाच लागली. "अगं, आपुन येष्टीनं कवा जायचो? मला तर चालत गेल्यालंच आठवतंय." रुमाल आठवेना, पुण्याची मुलगीही आठवेना. निघताना तिनं मला साडीचा आहेर केला, दूरच्या पाहुणीला करतात तसा, आणि मुलाला सांगितलं, "मावशींना स्टँडवर सोड."

मला रडू आलं आणि रागही आला. तिनं तोंडावर दार लावलं असतं तरी मी समाधानानं परतले असते. निदान तिला आठवतंय एवढं तरी कळलं असतं.

स्टँडवर शिरूरच्या गाडीला ही झुंबड. खिडकीतून हात आपोआप आत गेला आणि रुमाल पडला. वर चढून मी खिडकीशी बसले, रुमाल शेजारी तसाच राहू दिला.

पिशवी सावरत एक बाई आली. "हितं कोन हाय का?"

"हाय. येतीय," मी म्हणाले, आणि खरंच दाराकडे बघत राहिले.

गाडी सुटली. दौंड मागं पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला. पुन्हा एकदा माझ्यामुळे कुणीतरी दांड्याला धरून उभं होतं. शेवटी बाई वाकून हळूच म्हणाली, "ताई, तुमचं मानूस न्हाई आलं वाटतं."

मी रुमाल उचलला. "न्हाई यायची आता," म्हणाले. "बसा तुम्ही."